हापसा कुठे बसवायचा?



१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेलाही जाऊन आलेले. मनात आणलं असतं तर शहरात उत्तम जम बसला असता. पण येशूला मानायचं तर गोरगरिबांत जाऊन राहायचं, हा त्यांचा सरळ हिशेब. म्हणून त्यांनी तेव्हाच्या नगर जिल्ह्यातला हा अवर्षणाचा मुलूख निवडला.

त्यांच्या दवाखान्यात माणूस बरा व्हायचा, घरी जायचा आणि तेच दुखणं घेऊन परत यायचा. गावकऱ्यांशी बोलल्यावर कळलं, त्यांना औषधाआधी अन्न-पाणी हवं होतं. त्यातच बहात्तरचा दुष्काळ. गावोगाव बोअर घ्यायचे ठरले. पण हापसा बसवायचा कुठे? आरोळ्यांनी दलित वस्तीचा आग्रह धरला. पाणी तिथं लागलं, की अख्ख्या गावानं हंडे घेऊन तिथंच यायचं. विटाळ मानणारे त्याच वस्तीत रांगेला उभे राहिले. जातीवर व्याख्यान द्यावं लागलं नाही.

नर्सबाई खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातलीच एखादी बाई निवडून तिला शिकवायचं ठरलं. यातल्या कितीतरी बाया दलित, अक्षरओळख नसलेल्या. त्या जामखेडला येऊन बाळंतपण, लेकरांचं वजन, जुलाबावर साखर-मीठ-पाणी हे सगळं शिकल्या. आता वरच्या आळीतली सून अडली, की यातल्याच एखादीला उंबरठ्याच्या आत घ्यावं लागे. जोडीला तरुण शेतकरी मंडळं आणि महिला मंडळं उभी राहिली. आरोळ्यांच्या या प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला.

दानधर्मात देणाऱ्याचा हात कायम वर राहतो. आरोळ्यांची सेवा वेगळी ठरते ती इथं. घेणाऱ्यालाच त्यांनी गावाच्या उपयोगी पडणारा माणूस केलं, आणि आजारामागची गावातली जातीची फूट हीसुद्धा डॉक्टरनं हाताळायची गोष्ट मानली. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. काम मात्र थांबलं नाही. देशोदेशींचे डॉक्टर सार्वजनिक आरोग्य शिकायला जामखेडला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत याच प्रकल्पाच्या गावांतल्या बाया असतात.