दुखणारा पाय आणि न दुखणारा पाय

(लामता, जिल्हा बालाघाट येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लामता मध्य प्रदेशात आहे आणि आमचे खाते महाराष्ट्राचे. परंतु वैनगंगा राज्यांची सीमा पाहून वाहत नाही. १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते. आजही इकडे आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे तेच धानाचे पीक, तीच रोवणी, तोच तेंदूपत्ता आहे, आणि पायाची दुखणीही तीच आहेत. म्हणून आज या दुखण्यांविषयी चार गोष्टी सांगावयाचे योजले आहे. मी वैद्य नाही. वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेली माहिती सोप्या शब्दांत आपणापर्यंत पोहोचविणे, एवढेच माझे काम.

मनुष्याच्या एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. साऱ्या देहाचा भार त्यांच्यावर. पाय दुखू लागला म्हणजे आपण तेल चोळतो किंवा दुकानातून गोळी आणतो. गोळीने वेदना थांबते, कारण मात्र तसेच राहते. यासाठी प्रथम दोन प्रश्न विचारावेत : पाय नेमका कोठे दुखतो, आणि केव्हा दुखतो? या दोन उत्तरांत पुष्कळदा अर्धे निदान असते.

सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते आणि थोडे चालल्यावर ती कमी होते. येथे टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा चिवट पट्टा ताणलेला असतो. फार वेळ उभे राहणे, वाढलेले वजन आणि झिजलेली पातळ चप्पल ही त्याची सामान्य कारणे. मऊ टाचेचे पादत्राण वापरावे, पोटरी आणि तळवा ताणण्याचा व्यायाम रोज करावा. बहुतेकांना काही महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून आराम पडतो.

रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पऱ्हे लावणाऱ्या आपल्या भगिनी दिवसभर बांधीतील पाण्यात उभ्या असतात. ओलाव्याने कातडी पांढरी पडून फाटते आणि तेथे बुरशी वाढते. घरी आल्यावर पाय स्वच्छ धुऊन बेचके कोरडे पुसावेत आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे बुरशीनाशक मलम सांगितलेले सर्व दिवस लावावे. खाज थांबली की मलम सोडून देणे ही नेहमीची चूक आहे. काटा किंवा खिळा रुतल्यास जखम धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी त्याच दिवशी विचारावे. भोवरी किंवा कुरूप पात्याने कापू नये आणि त्यावर रुईचा चीक लावू नये.

आता दोन दुखण्यांकडे विशेष लक्ष वेधतो. पहिले बिडी ओढणाऱ्यांचे. काही अंतर चालल्यावर पाऊल किंवा पोटरी भरून येते, थांबले की बरे वाटते. पुढे बोटे थंड आणि काळपट पडतात, रात्री झोप लागत नाही. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत असल्याची ही खूण असू शकते. ऐन उमेदीच्या वयात, चाळिशीच्या आतही हा विकार होतो आणि पाय कापण्याची पाळी येते. बिडी कमी करून येथे भागत नाही, ती पूर्ण सोडावी लागते. तोच त्याचा मुख्य उपचार आहे.

दुसरे दुखणे बालकांचे. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाचे हातपाय अकस्मात सुजून दुखू लागले, तर लचक भरली असे समजून चोळीत बसू नये. ते सिकलसेल या रक्तविकाराचे पहिले लक्षण असू शकते. हा विकार आईवडिलांकडून येतो आणि आपल्या भागात तो आढळतो. रक्ताच्या साध्या तपासणीने तो कळतो. १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे.

इथवर दुखणाऱ्या पायाविषयी बोललो. परंतु त्याहून घातक असतो तो न दुखणारा पाय. कुष्ठरोगात आणि जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुततो, चटका बसतो, खडा टोचतो. मनुष्य मात्र चालतच राहतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले. कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप झडतात, हा समज खोटा ठरला. वेदना कळत नसल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी ती नष्ट होतात. म्हणजे ती वाचविता येतात.

कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो, आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशातील या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. तरीही नवे रुग्ण आजही आढळतात. वरोऱ्यास बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, तेव्हा हा उपचार नव्हता. आज तो आहे, आणि तरी भीतीने चट्टा लपविला जातो. लपविण्यात गेलेल्या दिवसांत पाय जातो.

ज्यांचा पाय बधिर आहे त्यांनी रोज सायंकाळी दिव्यापाशी बसून तळवे व बेचके पाहावेत, किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. गरम पाण्यात पाय घालण्यापूर्वी दुसऱ्या कोणास तरी पाणी पाहू द्यावे. अनवाणी चालू नये; आतून मऊ आणि खालून टणक चप्पल वापरावी. जखम झाल्यास त्या पायावर भार न देता लगेच आरोग्य केंद्र गाठावे.

शिक्षकांनी बधिर चट्ट्याची माहिती मुलांना द्यावी आणि अशा मुलास वर्गात वेगळे बसवू नये. कर्मचाऱ्यांनी गृहभेटीत तळवा पाहण्यास संकोच करू नये. आणि ग्रामस्थ हो, पाय दुखला तर त्याचे कारण शोधा. जखम असूनही दुखत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात या. आपल्या साऱ्यांची शेती याच पायांवर उभी आहे.