मात्रा मोजणारा प्राध्यापक

महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी संशोधन करावे, असे सगळीकडे बोलले जाते. त्यासाठी दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. पण संशोधनाची सवय माणसाला लागते कशी, हे पाहायचे तर मी आपल्या राजाराम कॉलेजातल्या एका मराठीच्या प्राध्यापकाकडे बोट दाखवीन. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन.

माधवराव आधी पुण्यात फारसी शिकवत. अर्ज, फिर्याद, दस्त हे शब्द आपण कचेरीत रोज बोलतो, पण ते आले कुठून हे विचारत नाही. माधवरावांनी विचारले, आणि 1925 साली त्यांचा फार्शी-मराठी कोश निघाला.

'छंदोरचना' हे त्यांचे त्याहून मोठे काम. पहिली आवृत्ती 1927 सालची. दुसरा कोणी तेथेच थांबला असता. माधवरावांनी कोल्हापुरात शिकवत असताना तो ग्रंथ पुन्हा तपासला, वाढवला. सुधारलेली आवृत्ती 1937 साली आली आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी.लिट. दिली. त्यानंतर वर्षभरातच ते गेले.

त्यांनी केले काय? कविता कानाने ऐकली. म्हणताना ठेका कुठे पडतो, दोन ठेक्यांमध्ये मात्रा किती, हे ते मोजत गेले. आठ मात्रांचे पद्मावर्तन, सहांचे भृंगावर्तन, ही भाषा आम्ही गझल लिहिणारे आजही बोलतो. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. प्रश्न मात्र रोज शिकवायच्या कवितेतूनच आलेला.

आणि आता? 2010 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. मग निबंध छापायची घाई सुटली आणि पैसे घेऊन छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. 2018 साली आयोगालाच आपल्या यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली. यात सगळा दोष प्राध्यापकांचा, असे मी म्हणणार नाही. आठवड्याचे तास, परीक्षा, निवडणुकीची कामे; माणूस ग्रंथालयात बसणार कधी? त्याला मोकळा वेळ द्या, आणि हे पुन्हा तपासा असे सांगणारा एखादा जाणता सोबती द्या. दहा वर्षांत एकच निबंध झाला तरी चालेल.

हे वकिलांना, डॉक्टरांनाही लागू आहे. पंचवीस वर्षे एकाच तालुक्यात रोगी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या वहीत काय काय दडलेले असेल!

आणि विषय दूर नाहीत. आपल्या जिल्ह्यात मोहरमला गावोगाव करबलची गाणी म्हणतात. हिंदू म्हणतात, मुसलमानही म्हणतात. ती पाठ असणारी माणसे म्हातारी होत चालली आहेत. मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाने येत्या मोहरमला वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन एका तरी गावात बसावे. गाणे कोणाकडून शिकलात ते विचारावे, शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत आणि घरी येऊन मात्रा मोजाव्यात.