उपदेश दिला, सोबत काय दिलं?



आज मी तुम्हाला मन्रोव्हियाबद्दल सांगणार आहे. ही पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी. 1989 ते 2003 या काळात त्या देशात दोनदा यादवी युद्ध झालं. लहान मुलांच्याही हातात बंदुका दिल्या गेल्या. युद्ध थांबल्यावर शहरातल्या वस्त्यांमध्ये चोरी, नशा आणि मारामारीत अडकलेले तरुण उरले. लोक त्यांना 'झोगो' म्हणायचे. एका शब्दात माणूस निकाली काढायचा! अशा शब्दांचा घाव आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

2009 ते 2011 दरम्यान अशा 999 तरुणांसोबत एक प्रयोग झाला. सोडत काढून चार गट केले. एका गटाला आठ आठवडे प्रशिक्षण दिलं: राग आवरणं, पुढचा विचार करणं, नीटनेटकं होऊन बँकेत, दुकानात जाऊन बोलणं. शिकवणाऱ्यांत त्याच आयुष्यातून बाहेर पडलेली माणसं होती. दुसऱ्या गटाला फक्त रोख 200 डॉलर. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला काहीच नाही.

पैसे मिळालेल्यांनी ते उधळले नाहीत. पण नुसत्या पैशाचा परिणाम लवकर ओसरला. नुसत्या प्रशिक्षणाचाही वर्षभरात बराचसा ओसरला. दोन्ही मिळालेल्यांमध्ये मात्र गुन्हे आणि हिंसा दहा वर्षांनंतरही जवळपास निम्म्याने कमी होती.

मी माझ्या घरातली पहिली पदवीधर. सुट्टीत वस्तीत गेले की पोरांना सांगायचे, "सुधरा रे, नीट राहा." एकदा एक पोरगा म्हणाला, "ताई, मुलाखतीला या तुटक्या चपलांवर जाऊ का?" मी गप्प झाले. माझ्याकडे फक्त भाषण होतं.

आपली वस्ती म्हणजे मन्रोव्हिया नाही, आणि जात काही प्रशिक्षणाने जात नाही. पण 1927 साली महाडला बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. बायांना जातीची खूण झालेली राहणी सोडायला सांगितलं आणि तळ्याच्या पाण्यावर हक्कही सांगितला. नुसती राहणी सुधारा म्हणून ते थांबले नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी वस्तीत जाल, तेव्हा उपदेशासोबत प्रवासाचं भाडं, परीक्षेची फी, एक जोडी बूटही न्या. एकट्याला झेपणार नाही. दहा जणांनी वर्गणी काढा. आणि बोलायला तुम्हीच बसा. ती वाट तुम्ही चालून आला आहात.

जय भीम!