मुलीची फाईल मुलीच्या हाती
(वर्धापनदिनानिमित्त मंडळात दिलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली. मला भाषणाची सवय नाही. एका रुग्णालयाच्या बालविभागात परिचारिका म्हणून माझी पुष्कळ वर्षे गेली. तिथे जे पाहिले, तेच सांगणार आहे.

संधिवात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काठी टेकणाऱ्या आजीबाई येतात. परंतु हा रोग लहान मुलांनाही होतो. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ सालीच अशा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरे कारण न सापडणारी सांध्याची सूज, तिला आज ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस असे नाव आहे. सकाळी पोर आखडलेले असते, लंगडते. दुपारी तेच खेळू लागते. मग घरचे म्हणतात, शाळा बुडवण्याचे ढोंग आहे!

औषधाने पुष्कळ मुलांचा रोग शांत होतो, काहींचा कायमचा जातो. परंतु बऱ्याच जणांची त्याच्याशी पडलेली गाठ मोठेपणीही सुटत नाही. खरी अडचण सुरू होते ती इथेच.

बालविभागात डॉक्टर विचारतात आईला. औषधे ठाऊक आईला, तारखा पाठ आईला. मग एके दिवशी सांगण्यात येते, “आता तू मोठी झालीस, मोठ्यांच्या विभागात जा.” तिथले डॉक्टर विचारतात मुलीला, आणि मुलगी बघते आईच्या तोंडाकडे. हा उंबरठा ओलांडताना कित्येक मुले उपचारांतून गळतात.

मला एक मुलगी आठवते. चौथ्या वर्षापासून ती आमच्याकडे येई. गुडघे छान सुधारले. बारावीनंतर शिक्षणासाठी ती परगावी गेली. सांधे दुखत नाहीत, मग डॉक्टर कशाला, असे तिला वाटले. परंतु या रोगात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते. बहुधा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राने तपासले तरच ती कळते. फळ्यावरचे धूसर दिसू लागले, तोवर तिच्या एका डोळ्याची बरीच दृष्टी गेली होती. दर काही महिन्यांनी डोळे का तपासतात, हे तिच्या आईला ठाऊक होते, तिला नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की ही तयारी अठराव्या वर्षी करून भागत नाही. युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत म्हटले आहे, की ती शक्यतो अकराव्या वर्षी सुरू करावी, चौदाव्याच्या पुढे ढकलू नये. घरात हे सहज जमण्यासारखे आहे. आधी मुलाला आपल्या रोगाचे नाव सांगता आले पाहिजे. मग औषधांचे. या रोगात मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या पुष्कळांना देतात. त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेतते. तेव्हा वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण मुलानेच करावी. पुढे डॉक्टरांशी पाच मिनिटे त्याला एकट्याने बोलू द्यावे. आईने बाहेर बाकावर बसावे. जड जाते, पण बसावे!

बालविभाग सोडण्यापूर्वी एक कागद लिहून घ्यावा: रोग केव्हा सुरू झाला, कोणते सांधे धरले, कोणती औषधे लागू पडली, कोणती सोसली नाहीत, डोळे केव्हा तपासले, लसी कोणत्या झाल्या. नव्या डॉक्टरांची पहिली भेट होईपर्यंत जुन्यांचा हात सोडू नये.

आता थोडे नाजूक बोलते. मुलीचे लग्न ठरताना हा रोग लपवण्याकडे आपला कल असतो. मग सासरी गोळ्या चोरून घ्याव्या लागतात. आणि चोरून घ्यायचे औषध बंद पडायला वेळ लागत नाही. शिवाय मेथोट्रेक्सेट पोटातल्या गर्भाला अपाय करते. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून औषध बदलून घ्यावे लागते. गरोदरपणात चालणारी औषधे आहेत. या मुली संसार करतात, त्यांना मुलेबाळे होतात. परंतु ही गोष्ट मुलीला ठाऊक हवी, जावयाला ठाऊक हवी, आणि ती लग्नाआधी ठाऊक हवी.

आपल्या मंडळात आपण मुलींना शिवण, हिशेब, बँकेचे व्यवहार शिकवतो. ज्या घरी असे दुखणे आहे, तिथल्या मुलीला आपली फाईल वाचायलाही शिकवू या. त्या कामी कोणाला माझी मदत लागली, तर संध्याकाळी मी घरीच असते. संकोच न करता यावे.