संपीडकाचा नकाशा : एंजिनाच्या गणिती प्रतिरूपाचा पाया



नकाशा हा शब्द गावकऱ्यास नवा नाही. तलाठ्याच्या दप्तरात गावाचा नकाशा असतो. मृदसंधारणाची कामे जेथे झाली तेथे शिवाराच्या समपातळी रेषाही सर्वांनी पाहिल्या आहेत. एकाच उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा आखली म्हणजे बांध कोठे घालावा, पाणी कोठून निसटेल, हे प्रत्यक्ष चालून न पाहताही कळते. अगदी अशाच रेषांचा एक नकाशा यंत्रशास्त्रातही आहे. तो जमिनीचा नसून हवेचा आहे. विमानाचे एंजिन, वीजकेंद्रातील वायू टर्बाइन आणि रेल्वेच्या डिझेल एंजिनावरील टर्बोचार्जर या तिन्हींचे वर्तन आधी कागदावर अजमावावयाचे असेल, तर त्या नकाशावाचून गत्यंतर नाही.

हुबळी-धारवाडकरांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. जनरल मोटर्सच्या आराखड्यानुसार बनलेली, 4000 अश्वशक्तीची डिझेल एंजिने हुबळीच्या लोको शेडने मोठ्या संख्येने सांभाळली. कॅसलरॉक ते कुळे हा गोव्याकडे उतरणारा घाट देशातील अवघड रेल्वेघाटांपैकी एक आहे. त्याची चढण सुमारे 37 फुटांस 1 फूट इतकी तीव्र आहे. तेथे भरलेली मालगाडी वर ओढताना एंजिनाच्या सिलिंडरांत भरपूर हवा कोंबावी लागते. हे काम टर्बोचार्जर करतो. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर टर्बाइन फिरते आणि त्याच दंडावर बसविलेला संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. भार कमी असताना वायूत पुरेसा जोर नसतो. म्हणून या जातीच्या एंजिनांत तेव्हा दातेरी चाकांच्या साहाय्याने टर्बोचार्जर फिरविला जातो आणि भार वाढला की तो स्वबळावर धावतो.

संपीडकाचा नकाशा समजून घेण्यास शेतातील पंप उपयोगी पडतो. पंपाचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करीत गेल्यास पाणी कमी येते आणि दाब वाढतो. व्हॉल्व्ह उघडल्यास पाणी वाढते आणि दाब उतरतो. या नोंदी कागदावर मांडल्या की एक वक्ररेषा मिळते. संपीडकाचेही तसेच आहे. आडव्या अक्षावर दर सेकंदास जाणारी हवा आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब आत येणाऱ्या हवेच्या किती पट आहे, ते मांडतात. प्रत्येक वेगासाठी एक स्वतंत्र रेषा येते. या रेषांवर समान कार्यक्षमतेची वर्तुळाकार कडी आखतात. टेकडीच्या माथ्याकडे जाताना समपातळी रेषा लहान होत जातात, तशीच ही कडीही आकसत जातात. सर्वांत आतल्या कड्यात यंत्र सर्वाधिक काटकसरीने चालते.

पंप आणि संपीडक यांच्यात मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. पंपाचा व्हॉल्व्ह क्षणभर पूर्ण बंद केला तरी सहसा अनर्थ होत नाही. संपीडकातून जाणारी हवा एका मर्यादेखाली गेली तर पात्यांवरील प्रवाह तुटतो आणि दाबलेली हवा उलटी धाव घेते. यास सर्ज म्हणतात. मोठा धडाका होतो, दंड हादरतो, बेअरिंगे आणि पाती यांना इजा पोहोचते. म्हणून नकाशाच्या डाव्या अंगास सर्जरेषा असते. ती ओलांडावयाची नसते. उजव्या अंगास दुसरी सीमा असते. तेथे हवेचा वेग ध्वनीच्या वेगास पोहोचतो आणि त्यापुढे कितीही प्रयत्न केला तरी अधिक हवा जात नाही.

हवापाण्याचा प्रश्न येथेच उद्भवतो. समुद्रसपाटीस 15 अंश तापमानात एक घनमीटर हवेचे वजन 1.225 किलो असते. धारवाड समुद्रसपाटीपासून 700 मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब सुमारे 8 टक्के कमी असतो. उन्हाळ्यात पारा 37 अंशांवर गेला तर तेच वजन सुमारे 1.05 किलोवर येते. प्रत्येक गावासाठी आणि प्रत्येक ऋतूसाठी वेगळा नकाशा कोण काढणार? यास्तव हवा आणि वेग यांचे आकडे तापमान व दाब यांच्या प्रमाणात सुधारून घेतात. मग एकच नकाशा मुंबईच्या किनाऱ्यास आणि धारवाडच्या पठारासही लागू पडतो.

गणिती प्रतिरूप या नकाशाचा उपयोग कसा करते? पद्धत जमाखर्चासारखी आहे. प्रथम वेग आणि नकाशावरील एक बिंदू अंदाजाने धरावयाचा. त्या बिंदूवरून हवा, दाब आणि कार्यक्षमता वाचावयाची. ज्वलनकक्षात इंधन मिळवावयाचे. मग टर्बाइनच्या स्वतःच्या नकाशावर जाऊन दोन गोष्टी तपासावयाच्या : आलेली हवा आणि इंधन यांची बेरीज टर्बाइनमधून जाऊ शकते काय, आणि टर्बाइनची शक्ती संपीडकास पुरून बाहेरच्या कामास लागेल तितकी उरते काय. हिशोब जुळला नाही तर अंदाज बदलून पुन्हा आरंभ करावयाचा. संगणक हे काम क्षणार्धात शेकडो वेळा करतो. कमी वेगाच्या रेषा जवळजवळ आडव्या आणि अधिक वेगाच्या जवळजवळ उभ्या असल्याने केवळ हवा किंवा केवळ दाब सांगून बिंदू निश्चित होत नाही. म्हणून सर्जरेषेला साधारण समांतर अशा क्रमांकित साहाय्यक रेषा आखून वाचन निःसंदिग्ध करतात.

नकाशातील लहान चूक किती महागात पडते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हवा आठपट दाबावयाची आहे असे समजू. कार्यक्षमता 85 टक्के असल्यास एका किलो हवेस सुमारे 276 किलोज्यूल लागतात. ती 80 टक्के असल्यास सुमारे 293 लागतात. टर्बाइनकडून 420 किलोज्यूल मिळत असतील तर पहिल्या स्थितीत 144 उरतात, दुसऱ्या स्थितीत 127. संपीडकात पाच टक्क्यांचा फरक पडला आणि हाती येणारी शक्ती सुमारे 12 टक्क्यांनी घटली! टर्बाइनच्या कमाईतील मोठा वाटा संपीडकच खाऊन टाकतो, हे याचे कारण होय.

या देशाने हा धडा मोल देऊन घेतला आहे. कोल्हापूर परिसरात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन केले आणि बंगळूर येथे एचटी-2 हे विमान रचले. ते 1951 साली उडाले. 17 जून 1961 रोजी मारुत हे लढाऊ विमान आकाशात गेले. विमानाचा सांगाडा उत्तम होता, पण त्यास साजेसे बलवान एंजिन अखेरपर्यंत लाभले नाही. 1989 साली मंजूर झालेल्या कावेरी एंजिनाची उभारणीही दीर्घकाळ चालली. तेजस विमान 2001 साली परदेशी एंजिनावर उडाले आणि 2008 साली कावेरी त्या विमानापासून वेगळे करण्यात आले. एंजिनविद्या बाजारात विकत मिळत नाही, हेच यावरून दिसते.

नकाशाचीही तीच गत आहे. निर्माते आपले नकाशे सहसा उघड करीत नाहीत. मग अभ्यासक दुसऱ्याच संपीडकाचा प्रसिद्ध नकाशा घेऊन त्याचे आकडे प्रमाणात ताणतात. नेमलेल्या भाराजवळ ही युक्ती साधते. त्यापासून दूर गेल्यास ती फसवू शकते, विशेषतः एंजिन सुरू होतानाच्या मंद वेगात, जेथे मूळ नकाशातच रेषा नसतात. शेजारच्या गावाचा नकाशा मोठा करून आपल्या शिवाराची मोजणी होत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. उसना नकाशा वापरल्यास तसे स्पष्ट लिहावे आणि प्रत्यक्ष मोजणीशी तो पडताळावा, ही प्रामाणिकपणाची किमान अट आहे.

देखभालीसही हा नकाशा मार्गदर्शक ठरतो. हवेची गाळणी धुळीने तुंबली तर आत येणाऱ्या हवेचा दाब घटतो. तितकाच दाब पुढे देण्यासाठी संपीडकास अधिक गुणोत्तर गाठावे लागते आणि त्याचा बिंदू सर्जरेषेकडे सरकतो. गाळणी वेळेवर साफ करणारा कामगार नकळत त्या रेषेवर पहारा करीत असतो.

हुबळीत 1947 साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज विद्यापीठ झाले आहे, आणि धारवाडला 2016 पासून आयआयटी आहे. परंतु आरंभ त्याहून लहान जागीही होऊ शकतो. शाळेतील शिक्षकांनी विहिरीवरील पंपास दाबमापक लावावा, व्हॉल्व्ह पाच वेळा बदलून बादली किती सेकंदांत भरते ते मुलांकडून मोजवावे आणि ते पाच बिंदू चौकटीच्या कागदावर जोडावेत. जी रेषा उमटेल ती त्या गावाची स्वतःची असेल. त्या रेषेवरून पंप योग्य जागी चालतो की वीज वाया घालवितो, हे शेतकऱ्यास कळेल. आणि ती काढणाऱ्या मुलांपैकी एखादे उद्या आपल्या देशाच्या एंजिनाचा नकाशा उसना न घेता स्वतः मोजून काढील.