पिशवी काढायची का? आधी शोधून पाहू



गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत अंतर्गत कर्जासाठी एक अर्ज आला. रक्कम ४० हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "पिशवीचं ऑपरेशन". अर्ज करणारी ताई ३६ वर्षांची, तीन लेकरांची आई. दोन वर्षांपासून तिला धुपणीचा त्रास, कंबर धरलेली. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं तर सोनोग्राफी करून सांगितलं, पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. दिवाळी झाली की नवरा-बायको टोळीबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला जाणार. मुकादमाची उचल घेतलेली. म्हणजे जे करायचं ते त्याच्या आत.

गटाकडे पैसे होते. ताई हप्ता चुकवणारी नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. सह्या होऊन गेल्या असत्या. पण आमच्यातल्या एक आजी आहेत, त्या अहिराणीत म्हणाल्या, "पिशवी काढी टाकी म्हणजे धुपनी थांबी जाई का वं माय?" आणि कोणाला उत्तर देता येईना. ताईलाही नाही, आम्हालाही नाही.

आता आम्ही काही डॉक्टर नाही. पण कोणी शेळीसाठी कर्ज मागितलं तर आम्ही शेळी बघून येतो, तिचे दात बघतो. इथे तर बाईच्या शरीरातला अवयव जायचा होता. एका सदस्येची मुलगी नर्सिंग शिकते. ती म्हणाली, डॉक्टर लोकांनी जगभर जे अभ्यास केलेत त्यांची यादी फोनवर फुकट बघता येते. तिचं नाव पबमेड. आज तुम्हाला त्या शोधाचीच गोष्ट सांगायची आहे.

पबमेड म्हणजे एक मोठी सूची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ती ठेवली आहे. कोणत्या मासिकात, कोणत्या साली, कोणी, कशावर अभ्यास छापला याची नोंद आणि बहुतेक ठिकाणी अभ्यासाचा सारांश. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. सुरुवात झाली १८७९ साली, तेव्हा ती छापील पुस्तकं असायची. पुढे ती संगणकात गेली आणि १९९६ पासून इंटरनेटवर आली. १८७९ च्या पुढच्याच वर्षी आपल्या असोद्याला बहिणाबाई जन्मल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने आणि भाच्याने लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला मिळतात. या सूचीचंही तसंच आहे. जे कोणी लिहून छापलं तेच तिथे सापडतं.

पहिल्या दिवशी आम्ही चौघी-पाचजणी अंगणवाडीच्या ओट्यावर बसलो आणि मोठ्या उत्साहाने टाकलं, "धुपणी". काहीच नाही. "अंगावरून पांढरं जाणे". काहीच नाही. तिथे इंग्रजीशिवाय चालत नाही. मग मुलीने शब्द काढला, ल्युकोरिया. त्यातही मेख अशी की या शब्दाचं स्पेलिंग इंग्लंडचं वेगळं, अमेरिकेचं वेगळं. एकात 'सी', दुसऱ्यात 'के'. आपल्याकडच्या पुस्तकात पहिलं, सूचीत दुसरं. आम्हाला वाटलं आपलंच चुकतंय. नंतर कळलं की त्या ग्रंथालयाने प्रत्येक विषयाला एक ठरलेला शब्द नेमलेला असतो, त्या शब्दसंग्रहाला मेश म्हणतात. आपण जवळपासचा शब्द टाकला तर पुष्कळदा यंत्र आपोआप त्या ठरलेल्या शब्दाकडे नेतं. रेशन कार्डावर "सुमनबाई" असतं, गावात सगळे "सुमी" म्हणतात आणि तलाठी तरी ओळखतो, तसंच ते.

तर शब्द लिहून घ्या, पेन असेल तर. पांढरं जाणं म्हणजे व्हजायनल डिस्चार्ज किंवा ल्युकोरिया. पिशवी म्हणजे युटेरस. पिशवी काढणं म्हणजे हिस्टरेक्टॉमी. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणजे सर्व्हायकल कॅन्सर. अंगावरून जास्त जाणं, तेही लाल, त्याला हेवी मेन्स्ट्रुअल ब्लीडिंग.

नुसतं "हिस्टरेक्टॉमी" टाकलं तेव्हा हजारो नोंदी आल्या. दुर्बिणीने टाके कसे घालायचे, कोणता धागा वापरायचा, असलं सगळं. आपल्या कामाचं एक नाही. तेव्हा दोन शब्दांच्या मध्ये इंग्रजीत "अँड" टाकायचं, मोठ्या अक्षरांत. हिस्टरेक्टॉमी अँड इंडिया. मग अँड रुरल. चाळणीचं भोक लहान करत जायचं. आणि एकाच गोष्टीचे दोन शब्द असतील तर त्यांच्यामध्ये "ऑर", म्हणजे चाळणी पुन्हा मोठी होते. शेजारी फिल्टर असतात. कोणत्या सालापासूनचं हवं, माणसांवरचं की जनावरांवरचं, पूर्ण लेख फुकट आहे का, हे तिथे निवडता येतं.

हा जनावरांचा फिल्टर फार कामाचा. त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरत होता की अमुक पाल्याचा काढा सात दिवस घेतला की धुपणी मुळापासून जाते, "संशोधनात सिद्ध". आम्ही शोधलं. संशोधन होतं, खोटं नव्हतं, पण उंदरांवर. बाईवर नाही. ज्या बाईंनी तो निरोप पाठवला होता त्या जरा रुसल्या आमच्यावर.

आता सापडलं काय ते सांगतो. पहिला अभ्यास आपल्याच महाराष्ट्राचा, गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या आणि जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' नावाच्या इंग्लंडच्या साप्ताहिकात तो छापून आला. १०० पैकी ९२ बायकांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. एका बाईमागे सरासरी साडेतीनपेक्षा जास्त. आणि यापूर्वी तपासणी नि उपचार झालेल्या किती? १०० पैकी ८. हे वाचून आम्ही गप्पच झालो. ज्यांना काही तक्रारच नव्हती अशा १०० पैकी ४५ होत्या, म्हणजे न बोलणाऱ्या बायकांमध्येही आजार होता. सारांशाच्या शेवटी उपाय काय सांगितला होता? स्त्रियांच्या या आजारांची तपासणी-उपचार प्राथमिक आरोग्यसेवेतच असावेत. पिशव्या काढा, असं नाही.

दुसरा अभ्यास गोव्याचा, २००५ साली छापलेला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा. त्याचं नावच असं आहे की बायका पांढरं जाण्याची तक्रार का करतात? जवळपास अडीच हजार बायका. तिथे उलटंच दिसलं. १०० पैकी १४-१५ जणींना तक्रार होती, पण त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरचा ताण, अंग दुखणं, थकवा यांच्याशी जास्त होता.

मग खरं कोणतं? यावर आमच्या ओट्यावर चांगलीच चर्चा झाली. एक म्हणाली, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, म्हणजे सगळं झूठ. आम्हाला तसं वाटत नाही. गडचिरोलीत आजार शोधला, गोव्यात तक्रारीचं कारण शोधलं. काळ वेगळा, मुलूख वेगळा, प्रश्नच वेगळा. दोन्ही शेजारी ठेवले तर एवढं कळतं की आजार असूनही तक्रार नसते आणि तक्रार असूनही जंतू नसतो. म्हणून आधी तपासायला हवं. आमची ती ताई, नवरा पितो, उचलीचं कर्ज डोक्यावर, पहाटे चारला उठून कोयता हातात. तिच्या कंबरदुखीचं कारण शोधायला सोनोग्राफीच हवी होती असं आम्हाला तरी वाटेना. पण हे आमचं मत, डॉक्टरचं नाही, म्हणून बाजूला ठेवलं.

राहिली कॅन्सरची भीती. ताईला खरं तिनेच धरलं होतं. त्यावर उस्मानाबाद जिल्ह्यातला, आताच्या धाराशिवचा, मोठा अभ्यास सापडला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. गावांचे गट पाडून कोणाला कोणती तपासणी, असं ठरवलेलं. २००९ साली निष्कर्ष छापले. पिशवीच्या तोंडाची एचपीव्ही ही तपासणी आयुष्यात एकदाच केली, आणि जिथे गरज तिथे उपचार केले, तर त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. निरोगी पिशवी काढून नाही, तोंडाची तपासणी करून. या अभ्यासात एका गटाला तपासणी न देता नुसतं बघत राहिले, त्यावर पुढे कडक टीकाही झाली, आणि ती टीकासुद्धा त्याच सूचीत सापडते. आम्हाला ती टीका पटली. ज्या बाया मागे राहिल्या त्याही कोणाच्या आयाच होत्या. पण जे कळलं ते वापरायचं नाही, असं तर होत नाही.

बीडचं तुम्ही ऐकलं असेलच. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण विधिमंडळात गेलं, समिती नेमली गेली. आपल्या धुळे-जळगावच्या टोळ्या त्याच कामाला जातात. पाळी नको, खाडा नको, म्हणून पिशवी नको, हा हिशोब आपल्याही ओळखीचा आहे. पाळी जायच्या वयाआधी पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, हे डॉक्टरही मान्य करतात. सही घेताना मात्र ते कमी जणी ऐकतात.

दोन-तीन गोष्टी अनुभवाच्या. सूचीत नाव आहे म्हणजे अभ्यास चांगला, असं नाही. मागे घेतलेल्या लेखावर इंग्रजीत "रिट्रॅक्टेड" असा शिक्का असतो, तो आधी बघा. किती बायकांवर केला ते बघा. १२ जणींवरचा आणि सव्वा लाखावरचा सारखा नाही. पुष्कळ लेखांचा सारांशच फुकट दिसतो, पुढे पैसे मागतात. पैसे भरू नका. 'पबमेड सेंट्रल' या वेगळ्या विभागात पूर्ण लेख फुकट असतात. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू केलं आहे, सरकारी विद्यापीठं नि महाविद्यालयं यांच्यासाठी. तुमची लेक, भाची, सून तिथे शिकत असेल तर तिला म्हणा, बाई, आमच्यासाठी एवढा लेख काढ. आणि इंग्रजीची भीती वाटते तर सारांशाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचायचा, फोनवरच भाषांतर करून. भाषांतर कधी कधी हसवतं. आमच्याकडे एकदा "पिशवी" चं "थैली" झालं आणि आजी म्हणाल्या, बाजारनी थैली का?

एक मात्र झालं. या सगळ्यात "धुपणी" हा शब्द कुठेच भेटला नाही. आपण डॉक्टरांना जे सांगतो ते त्यांच्या कागदावर जाईपर्यंत दुसरंच काही होतं.

तर त्या अर्जाचं काय झालं. गटाने ४० हजार मंजूर केले नाहीत, नाकारलेही नाहीत. आधी दोन हजार दिले, तपासणीला आणि जाण्या-येण्याला. दोघीजणी ताईबरोबर सरकारी दवाखान्यात गेल्या. तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते: नक्की आजार कोणता, औषधाने बरा होईल का, पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का. तिथल्या मॅडम पहिल्यांदा चिठ्ठी बघून हसल्या, मग बसवून नीट बोलल्या. तोंडाची तपासणी झाली, ती चांगली आली. जंतुसंसर्ग होता, नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या. नवऱ्याला गोळ्या घ्यायला लावणं हे या सगळ्या शोधापेक्षा अवघड गेलं, ते पुन्हा कधीतरी.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका सदस्येला आम्ही ३५ हजार दिले, पिशवीच्याच ऑपरेशनला. तिला मोठी गाठ होती, रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन सहावर आलेलं, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांचं मत एकच. तिथे आम्ही एक दिवसही लावला नाही.

ताई दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली. होळीला आली तेव्हा कंबर अजून दुखत होती, धुपणी कमी होती. दोन हजारांतले राहिलेले सहाशे तिने बैठकीत परत जमा केले. आजी तिच्या शेजारीच बसल्या होत्या.