कोयना, किल्लारी आणि एक नियम



दख्खनच्या पठाराखालचा खडक फार प्राचीन आणि घट्ट, म्हणून ही भूमी स्थिर, असं भूगर्भशास्त्रात दीर्घकाळ मानलं जाई. पुढे भूपट्टांच्या सिद्धांतानेही त्याला बळच दिलं. पट्ट जिथे भिडतात तिथे मोठे भूकंप होतात. हिमालय, जपान ही त्याची उदाहरणं. नियम खरा आहे. पण त्यावरून ‘इतरत्र भय नाही’ असा निष्कर्ष आपण काढला, तो मात्र त्या नियमात नव्हता.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरलं. सुमारे १८० माणसं गेली. जवळच्या कोयना धरणात १९६२पासून पाणी साठत होतं आणि तेव्हापासूनच लहान धक्के जाणवत होते. या भूकंपानंतर भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलला, कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. मराठवाड्याचा मोठा भाग मात्र सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच राहिला.

तिथेच ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरातली गावं झोपेत गाडली गेली. मृत्यू दहा हजारांच्या घरात. भूकंप ६.२ तीव्रतेचा, एवढ्या तीव्रतेच्या धक्क्यात मजबूत घरं उभी राहू शकतात. पण इथली माळवदाची घरं: मातीत रचलेल्या धोंड्यांच्या रुंद भिंती, वर मातीचं जड छत. भिंतीच्या दोन्ही बाजू बांधून ठेवणारे लांब दगड घाला, असं सांगायला कोण जाणार होतं? नकाशानेच निर्धास्त केलं होतं. मला या गोष्टीची आजही चीड येते.

पुढे दुसऱ्या टोकाची घाई झाली. जवळ निम्न तेरणा जलाशय आहे, तेव्हा हाही कोयनेसारखाच, धरणाच्या पाण्यामुळे घडलेला प्रकार, असं अनेकांनी म्हटलं. कोयनेचं उत्तर किल्लारीला जसंच्या तसं लावणं, ही आधीच्याच चुकीची पुनरावृत्ती. महाराष्ट्रात कितीतरी धरणं आहेत. कोयनेसारखा हादरा सगळ्यांनी दिलेला नाही. कारण पाण्याचं वजन आणि झिरपणं एकटं पुरत नाही. खाली आधीच ताणलेला, भेगाळलेला खडक लागतो. ते प्रत्येक ठिकाणी तपासावंच लागतं.

२००२मध्ये पहिला विभागच नकाशातून काढला गेला. आणि पुढे अशाच तपासणीसाठी कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटमध्ये शिरलं. आता तिथला ताण, तापमान आणि खडकातलं पाणी प्रत्यक्ष मोजता येतं.